घाटाखाली सीटी स्कॅन



डॉक्टरांच्या ज्या पिढीच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या पिढीने कर्जत-खालापूर भागात नाडी, स्टेथोस्कोप आणि दोन हात एवढ्याच भांडवलावर वैद्यकी केली. पोट दाबून अपेंडिक्स ओळखायचं, पाठीवर बोटांनी ठोकून फुप्फुसाभोवतीचं पाणी ओळखायचं, डोळ्यांची पापणी खाली ओढून रक्त किती कमी आहे ते सांगायचं. त्यांचं निदान बहुतेक वेळा बरोबर यायचं. मात्र एका जागेपाशी त्यांचे हात थांबायचे. कवटी दाबून पाहता येत नाही आणि ठोकूनही काही कळत नाही. आत रक्त साचतंय की गाठ वाढतेय, हे रुग्णाच्या वागण्यावरून ताडायचं आणि वाट बघायची.

मोठ्या शहरांतली परिस्थितीही फार वेगळी नव्हती. पाठीच्या कण्यातून हवा आत सोडायची, ती मेंदूभोवती चढली की एक्स-रे काढायचा, अशी एक तपासणी होती. तिच्यानंतर रुग्णाचं डोकं असं दुखायचं की तो दिवसेंदिवस उठत नसे. १९२७ मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांची चित्रं काढली. तेही मोठं पाऊल होतं. पण रक्तवाहिनी कुठे सरकली आहे यावरून गाठ कुठे असेल याचा तर्कच करावा लागे. अपघाताचा रुग्ण समोर बेशुद्ध असेल तर शल्यविशारद अंदाजाने कवटीला भोकं पाडून रक्त शोधायचे. उजवीकडे सापडलं नाही तर डावीकडे.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात एका स्त्रीच्या मेंदूचं चित्र काढलं गेलं. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असावी असा संशय होता. चित्रात ती दिसली. ते पहिलं सीटी स्कॅन मशीन गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंजिनिअरने बनवलं होतं आणि तो नोकरीला होता ईएमआय कंपनीत. कुत्र्याचं चित्र असलेल्या एचएमव्हीच्या ज्या तबकड्या आपल्याकडे घरोघरी वाजल्या, त्या याच घराण्याच्या. हाउन्सफील्डकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. अ‍ॅलन कॉरमॅक या मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या पदार्थवैज्ञानिकाने १९६३ आणि १९६४ मध्ये याचं गणित स्वतंत्रपणे मांडून छापलं होतं, तेव्हा त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना विभागून मिळालं. दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता, ना वैद्यकीतला, ना पीएचडीचा.

हे गणित मी इथे थोडं करून दाखवणार आहे, कारण सीटी म्हणजे मोठा एक्स-रे असा समज अजून आहे. कागदावर चार चौकोन काढा, वर दोन, खाली दोन. त्यांत चार आकडे आहेत, पण ते झाकलेले आहेत. मला फक्त बेरजा सांगितल्या आहेत. वरच्या ओळीची बेरीज ५. डावीकडच्या उभ्या रांगेची ७. वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्याकडे तिरकी बेरीज १०. आता ५ आणि ७ मिळवा, त्यातून १० वजा करा, उरले २, त्याचं निम्मं १. वरच्या डाव्या चौकोनात १ आहे. झाकण न उघडता कळलं. मग त्याच्या शेजारी ४ आणि खाली ६. चौथ्या चौकोनासाठी आणखी एक बेरीज लागेल, खालच्या ओळीची. ती ८ असेल तर तिथे २.

सीटी स्कॅन हेच करतो. एक्स-रेचा बारीक झोत एका बाजूने जातो, दुसऱ्या बाजूला किती उरला ते मोजलं जातं. ती झाली एका ओळीची बेरीज. मग थोडं फिरून दुसऱ्या कोनातून, मग तिसऱ्या. हाउन्सफील्डच्या पहिल्या मशीनमध्ये १८० कोनांतून प्रत्येकी १६० मोजमापं, म्हणजे एका कापासाठी २८,८०० बेरजा घेतल्या जात. त्यांतून ८० गुणिले ८० चौकोनांचं चित्र उभं राही. मोजायला पाच मिनिटं आणि हिशेबाला मोठ्या कॉम्प्युटरवर अडीच तास लागत. आज छातीचा पूर्ण स्कॅन रुग्णाने एकदा श्वास रोखला तेवढ्यात होतो.

त्या प्रत्येक चौकोनाला मिळालेल्या आकड्याला हाउन्सफील्डचंच नाव आहे. पाणी शून्य. हवा उणे १०००. चरबी उणे १०० च्या आसपास. घट्ट हाड १००० च्या घरात. मेंदू ३० ते ४० आणि ताजं गोठलेलं रक्त ६० ते ८०. या शेवटच्या दोन आकड्यांवर सगळं अवलंबून आहे. मेंदू आणि रक्त यांच्यात जेमतेम तीस-चाळीस अंकांचा फरक असतो. साध्या एक्स-रेला तो दिसत नाही. सीटीवर मात्र करड्या मेंदूत ताजं रक्त पांढरं उठून दिसतं.

आता आपल्या रस्त्यांकडे येतो. खालापूर तालुक्यातून मुंबई-पुण्याचे दोन रस्ते जातात, जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग, आणि दोन्ही बोरघाट चढतात. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे जुन्या रस्त्यावर शिंगरोबाच्या देवळाजवळ गोरेगावच्या वाद्यपथकाची बस दरीत कोसळली आणि १३ जण गेले. ती बातमी देशभर पोचली. ज्यांच्या बातम्या होत नाहीत ते अपघात गावरस्त्यांवर होतात. कर्जत-मुरबाड रस्त्यावर, नेरळ-कळंब रस्त्यावर, पावसाने उखडलेल्या वळणांवर, आणि बहुतेक मोटरसायकलवर.

अशा एका मुलाचं सांगतो. वय बावीस-तेवीस. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. खड्ड्यात चाक गेलं, कानशिलावर पडला, मिनिटभर भान हरपलं, मग उठून बसला. मित्रांशी बोलला, टपरीवर चहा घेतला. कानाच्या वर टेंगूळ, बाकी खरचटलेलं. दोन तासांनी म्हणाला, डोकं दुखतंय, पडतो जरा. मग उलटी झाली. आदल्या रात्री पार्टी झाली होती, त्यामुळे नशा उतरलेली नाही असं मित्रांनी धरलं आणि त्याला झोपू दिलं. घोरण्याचा आवाज वेगळा वाटला म्हणून त्याच्या आईने हलवलं, तेव्हा तो उठेना. पनवेलकडे नेला तेव्हा एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी झाली होती.

त्याच्या सीटीवर कवटीच्या आतल्या बाजूला चिकटून भिंगाच्या आकाराचा पांढरा डाग होता, आणि मेंदूची मधली रेघ दुसऱ्या बाजूला ढकललेली. कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. हाड तडकलं की ती फाटते. हाड आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचत जातं. साचेपर्यंत माणूस चांगला बोलतो, चालतो. हा मधला चांगला वेळच घात करतो. तो मुलगा वाचला, कारण आईने हलवलं आणि चित्र बघताच शस्त्रक्रिया करणारे हात त्याच इमारतीत होते.

म्हणून डोक्याला मार लागल्यावर कुणाला सीटी लागतो ते पाठ करून ठेवा. दोनदा किंवा जास्त उलट्या. गुंगी, किंवा दोन तासांनंतरही माणूस पूर्ण भानावर नसणं. झटका येणं. नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणं. डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळं-निळं पडणं. अपघाताच्या आधीची अर्धा तास वा जास्त वेळाची आठवण पुसली जाणं. वय ६५ च्या पुढे असणं, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असणं. यांतलं एकही असेल तर वाट पाहू नये. आणि तोंडाला दारूचा वास येतो म्हणून डोक्याचा मार नाकारू नये. दारू प्यायलेल्या माणसाच्याही डोक्यात रक्तस्राव होतो, आणि तोच सर्वांत उशिरा ओळखला जातो.

दुसरी गोष्ट कडावकडच्या एका आजींची. आषाढात शेवाळलेल्या अंगणात त्या घसरल्या. डोकं उंबऱ्याला लागलं. हळद लावली, दोन दिवस दुखलं, विसरून गेल्या. गणपती आले तेव्हा घरात वेगळीच चिंता होती. आजी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, पाय ओढत चालतात, कपड्यांत लघवी होते, सुनेला मुलीच्या नावाने हाक मारतात. सगळे म्हणाले, म्हातारचळ लागला, वय झालं. मुंबईहून सणाला आलेल्या नातवाने हट्ट धरला म्हणून स्कॅन झाला.

मेंदूच्या एका बाजूला चंद्रकोरीसारखा जाड थर होता. जुनं रक्त. इथे वाचणाऱ्याचं कसब लागतं. रक्त ताजं असताना सीटीवर पांढरं दिसतं. दिवस जातात तसा त्याचा आकडा उतरतो. दोन-तीन आठवड्यांच्या सुमारास तो मेंदूच्या आकड्याइतकाच होतो, आणि मग रक्त डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. मेंदूवरच्या वळ्या एका बाजूला पुसल्यासारख्या वाटतात का, मधली रेघ सरकली आहे का, हे बघून ओळखावं लागतं. आणखी काही आठवड्यांनी ते काळपट होतं. आजींचं तसं झालं होतं. कवटीला दोन छोटी छिद्रं पाडून ते रक्त काढलं, आणि नवरात्रात आजी चालत देवीला गेल्या. एवढ्या साध्या शस्त्रक्रियेने बरा होणारा वेडेपणा दुसरा क्वचितच असेल. घरातलं म्हातारं माणूस महिना-दोन महिन्यांत बदललं, तर ते पडलं होतं का, हे आठवून बघा.

अंगावरून वारं जाण्याबद्दल, म्हणजे लकव्याबद्दल मला थोडं कडक बोलायचं आहे. तोंड वाकडं होतं, एक हात उचलत नाही, जीभ जड होते. अशा वेळी आपल्याकडे तेलाने चोळणं सुरू होतं, कुणी कबुतराचं रक्त सुचवतं, कुणी अमुक गावच्या औषधाचा पत्ता देतं. त्यात पहिले काही तास जातात, आणि उपचाराचा सर्वांत मोलाचा काळ तोच असतो. लकवा दोन कारणांनी होतो. मेंदूची रक्तवाहिनी बुजते किंवा फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी नुसतं पाहून खात्रीने फरक सांगू शकत नाही. बुजली असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता येतं. तेच इंजेक्शन फुटलेल्या रक्तवाहिनीच्या माणसाला दिलं तर तो दगावू शकतो. दोघांना वेगळं करतो तो सीटी, आणि त्याला मिनिटभरही लागत नाही.

लक्षात घ्या, सुरुवातीच्या तासांत बुजलेल्या रक्तवाहिनीचा सीटी बहुतेकदा नॉर्मल दिसतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून नातेवाईक रुग्णाला घरी घेऊन गेल्याचं मी पाहिलं आहे. त्या वेळी नॉर्मल सीटीचा अर्थ इतकाच असतो की रक्तस्राव नाही, इंजेक्शनचा मार्ग मोकळा आहे.

साडेचार तास मोजायचे ते माणूस शेवटचा धड होता तेव्हापासून. झोपेतून उठल्यावर लकवा दिसला तर वेळ झोपण्याच्या क्षणापासून धरायची. म्हणून सर्वांत आधी घड्याळ बघा आणि वेळ कागदावर लिहा. पाणी, चहा, गोळी काही देऊ नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. रक्त पातळ करणारी गोळी घरातून देऊ नका. आत रक्तस्राव असेल तर ती घातक. मधुमेह असेल आणि मोजायचं यंत्र असेल तर साखर बघा, कारण साखर घसरली तरी हुबेहूब लकव्यासारखं दिसतं. आणि १०८ ला फोन करताना विचारा, जिथे नेताय तिथे सीटी आणि इंजेक्शन दोन्ही आहे का? आपल्याकडचा नेहमीचा घोळ असा, की रुग्ण आधी एका दवाखान्यात, तिथून स्कॅन सेंटरला, तिथून दुसऱ्या हॉस्पिटलला जातो. ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांवरून तर झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणण्यातच तास-दोन तास मोडतात. त्या माणसाला खाली आल्यावर आणखी तीन ठिकाणी फिरवणं हा अन्याय आहे.

इतकं सगळं सांगितल्यावर तुम्ही म्हणाल, मग प्रत्येकाचा सीटी काढूनच टाकावा. नाही. याच रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने मरणाऱ्या माणसांकडे बारकाईने पाहिलं. घाम, थंड पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब, मग फुप्फुसात पाणी. रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसून त्यांनी हा क्रम मांडला, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं आणि शेकडो जीव वाचले. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांचं निरीक्षण छापलं. यात कुठलंही स्कॅनर नव्हतं. त्याच बावस्करांना २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राने, एमआरआयसाठी रुग्ण पाठवल्याबद्दल, १,२०० रुपयांचा चेक पाठवला. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. हा आमच्या व्यवसायाचा रोग आहे. कमिशनसाठी लिहिलेला स्कॅन रुग्णाच्या खिशातून जातो आणि वर त्याच्या शरीराला किरणं देतो.

किरणांचा हिशेब असा. निसर्गातून, माती-दगड-आकाशातून, माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलीसिव्हर्ट मिळतात. डोक्याचा सीटी साधारण दोनच्या आसपास. पोटाचा आठ-दहा. एका सीटीने कॅन्सर होतो ही भीती व्यर्थ आहे; गरजेच्या सीटीला या भीतीने नाही म्हणू नका. पण वाढत्या वयाच्या मुलाला पोटदुखीसाठी थेट सीटी करणं चूक आहे, तिथे आधी सोनोग्राफी. दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल, तर विचारण्याची वाट न पाहता सांगा. क्षयरोगाचं निदान थुंकीच्या तपासणीने आणि साध्या छातीच्या एक्स-रेने होतं. वीटभट्टीवरच्या खोकणाऱ्या मजुराला आधी हजारोंचा स्कॅन सांगणारा माणूस त्याचं भलं करत नाही.

कोविडच्या दोन वर्षांत आपण सगळ्यांनी गरज नसलेल्या स्कॅनचा प्रकार अनुभवला. छातीच्या सीटीचा ‘स्कोअर किती?’ हा प्रश्न नाक्यानाक्यावर विचारला जायचा. पंचवीसपैकी आठ म्हणजे सुटलो, पंधरा म्हणजे बेड शोधा. लोक भीतीपोटी आदल्या दिवशीच्या तापावर छातीचा सीटी काढून यायचे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारला या स्कॅनचे दर मशीनच्या क्षमतेनुसार २,०००, २,५०० आणि ३,००० रुपयांवर बांधून द्यावे लागले. मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य लक्षणांत सीटी करू नका असं बजावलं आणि एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० एक्स-रे असा हिशेब दिला. त्या आकड्यावर रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने हरकत घेतली, आणि आजच्या मशीनच्या बाबतीत ती हरकत बरोबर होती. सल्ला मात्र गुलेरियांचाच रास्त होता. बोटाला लावायचा छोटासा ऑक्सिमीटर त्या काळात अधिक उपयोगी सांगत होता.

माझं एकच म्हणणं आहे. सीटी उत्तर देतो, प्रश्न माणसाने विचारायचा असतो. माझ्याकडे जेव्हा चिठ्ठीवर नुसतं ‘सीटी ब्रेन’ लिहून येतं, तेव्हा मला अंधारात चाचपडल्यासारखं वाटतं. तेच ‘६८ वर्षे, दीड महिन्यापूर्वी पडली, आठवडाभर गोंधळलेली’ असं असेल, तर कुठल्या कडेला किती वेळ डोळे रोखायचे ते मला समजतं. रुग्णाला तपासून प्रश्न लिहिणारा डॉक्टर हा निदानाचा पहिला अर्धा भाग आहे, आणि तो भाग आपल्या जुन्या पिढीला चोख येत होता.

उरलेलं बोलणं लोकप्रतिनिधींसाठी आणि त्यांना मत देणाऱ्यांसाठी. आपल्याकडे मशीनचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते, फोटो छापून येतो. पण अपघात आणि लकवे रात्रीही होतात. म्हणून तालुक्यात सीटी मागताना चार गोष्टी एकत्र मागा. रात्री दोन वाजता मशीन चालवणारा तंत्रज्ञ. तासाभराच्या आत रिपोर्ट देणारा रेडिओलॉजिस्ट. तो इथे बसलेला असण्याची गरज नाही, चित्रं इंटरनेटवरून पुण्या-मुंबईला जातात, पण त्याचं नाव आणि करार ठरलेला हवा. पावसाळ्यात वीज खाली-वर होते तेव्हा टिकेल अशी बॅटरीची सोय आणि ट्यूब गेल्यावर किती दिवसांत नवी येईल याचा लेखी देखभाल करार. आणि अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, शिसं घातलेल्या भिंतींसकट, कारण शेजारच्या खोलीत बाळंतीणही असते. यांपैकी एक जरी नसेल तर दारावर ‘मशीन बंद आहे’ हीच पाटी दिसेल.

आणि आज घरी गेल्यावर एवढं करा. घरात कुणाचाही सीटी कधी झाला असेल, तर त्याची फिल्म, सीडी आणि रिपोर्ट एका पिशवीत घाला. त्या पिशवीत एका कागदावर चालू गोळ्यांची नावं, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती सर्वांत वर, किडनीचा त्रास किंवा औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर तीही लिहा, कारण शिरेतून आयोडीनचं औषध देऊन सीटी काढायचा झाला तर हेच आम्ही आधी विचारतो. पिशवी दाराजवळ खुंटीला टांगा आणि ती कुठे आहे ते घरातल्या पोरांनाही दाखवून ठेवा. रात्री रुग्ण गाडीत घालाल तेव्हा ती त्याच्याबरोबर पाठवा.